टाचणीचा बुधवार

बुधवार उजाडला की टाचणीच्या कपाळाची शीर सकाळपासूनच उडायला लागे. पाचला कारखाना सुटायचा, सव्वापाचला ती घरी पोचायची आणि साडेसहाच्या आत पुढच्या खोलीचं शिंप्याच्या दुकानातून देवाच्या घरात रूपांतर करायचं असायचं. शिवणयंत्र भिंतीला लावायचं. कापायचं टेबल उभं करून कपाटामागे सारायचं. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कोट पलंगावर, एकावर एक, चुरगळणार नाहीत अशा बेताने रचायचे. मग लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या वेचायच्या. हे शेवटचं काम दोन वर्षांपूर्वी वाढलं होतं. तेव्हा प्रार्थनेसाठी गुडघे टेकताना बेकरीवाल्या दोघी जावांपैकी धाकटीच्या गुडघ्यात टाचणी घुसली होती, तिने आरोळी ठोकली होती आणि थोरल्या जावेने डोळे न उघडता तिला ‘आमेन’ म्हटलं होतं.

टाचणी हे तिचं कारखान्यातलं नाव. अंगकाठी बारीक आणि ओठांत कायम चार-पाच टाचण्या. माणसं आपल्याशी नेमकी तोंडात टाचण्या असतानाच बोलायला येतात, कारण तेव्हा आपल्याला उलट उत्तर देता येत नाही, असं तिचं मत होतं. लोकांचं म्हणणं असं की टाचण्या नसलेलं तिचं तोंड त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. प्रार्थनेच्या मंडळींनी त्या नावाला ‘ताई’ जोडून ते आदरणीय करून घेतलं होतं.

मंडळी म्हणजे पाच माणसं. गणिताचे निवृत्त सर हे सभेचे चालक. रविवार पाळकांचा, पण बुधवार सरांचा, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती. नर्सबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शहरातली निम्मी माणसं आपल्या हातावर जन्मली असं त्या सांगत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. नळवाले अबोल, त्यांचं नळ, बेसिन आणि पायपांचं दुकान होतं आणि प्रार्थनेतही ते चार शब्दांपलीकडे जात नसत. आणि बेकरीतल्या त्या दोघी जावा, ज्या एकच गाणं दोन वेगळ्या पट्ट्यांत सुरू करीत आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत एकमेकींची वाट पाहत.

हे सगळं टाचणीच्या घरी का, याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी तिची नऊ वर्षांची मुलगी बावीस दिवस इस्पितळात होती. त्या बावीस संध्याकाळी ही मंडळी इस्पितळाच्या बोळात बाकावर येऊन बसली होती. डॉक्टर मान हलवून जायचे आणि ही माणसं पुन्हा डोळे मिटायची. मुलगी बरी होऊन घरी आली त्या दिवशी सगळे आभार मानायला याच खोलीत बसले. तो बुधवार होता. पुढच्या बुधवारी ते परत आले. आभार मानून झाले की माणसं उठून घरी जातात अशी टाचणीची तोवर समजूत होती. शिवाय तिचं घर तळमजल्यावर, बसथांब्याजवळ, आणि नर्सबाईंचे गुडघे जिना चढायला तयार नसत. अकरा वर्षांत त्या बावीस संध्याकाळींचा कुणी एकदाही उल्लेख केला नाही. उपकार कुणी बोलून दाखवत नव्हतं, त्यामुळे ते फेडून मोकळंही होता येत नव्हतं.

टाचणीला बुधवार हवा होता. जीव शांत करायला किंवा पाय पसरायला नव्हे. तिला वर्गाला जायचं होतं.

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात कापणारे वेगळे आणि शिवणारे वेगळे. कापणाऱ्यांचं टेबल खिडकीशी, उंच. ते उभ्याने काम करतात, खडू कानावर ठेवतात आणि कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. शिवणाऱ्या आतल्या बाजूला, ट्यूबलाइटखाली, मान मोडून. खांदा अर्धा इंच वाकडा कापला गेला तरी दोष शिवणारीचा, कारण मालावरचा शेवटचा हात तिचा. तेवीस वर्षं टाचणीने दुसऱ्यांचे वाकडे खांदे सरळ केले होते. आता मोठा कटिंगवाला वर्षअखेरीला निवृत्त होत होता आणि मॅनेजरने स्वतः तिला बोलावून सांगितलं होतं, “जागा तुम्हालाच द्यायची आहे. पण वरचे लोक कागद मागतात. कटिंगचं प्रमाणपत्र आणा.”

तो कागद संध्याकाळच्या तंत्रशाळेत मिळायचा. वर्ग वर्षातून एकदाच, वीस बुधवार, सहा ते आठ. पहिल्या दिवशी गैरहजर राहिलं की नाव कापून प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव घ्यायचे. आणि वयाची अट अशी की वर्ग सुरू होईल त्या दिवशी पन्नास पुरी झालेली नसावीत. टाचणी एकोणपन्नास वर्षं दहा महिन्यांची होती. गेल्या वर्षीही तिने अर्ज आणला होता, भरला होता, सुईदोऱ्याच्या खणात ठेवला होता आणि त्या बुधवारी सहा वाजता चहाचं आधण ठेवलं होतं. त्या अर्जाच्या पाठीवर आता गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली होती.

या वेळी अर्ज मुलीनेच, ती शिकते त्या गावाहून, ऑनलाइन भरून टाकला. “आता नाव आलंय तुझं,” ती फोनवर म्हणाली. “तीन आठवडे आहेत. सांग त्यांना.”

सांगण्यात काय एवढं, असं टाचणीला वाटलं.

त्या बुधवारी गाणं झालं, वाचन झालं, वाचलेल्या भागावर सर वीस मिनिटं बोलले. मग त्यांनी वही काढली. ही वही सरांच्या गणिती स्वभावाचं अपत्य होती. पानावर तीन रकाने: तारीख, विनंती, उत्तर. ज्याची जी विनंती असेल ती लिहायची, तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि यथावकाश उत्तर मिळालं की तिसऱ्या रकान्यात खूण करायची. दरवर्षी डिसेंबरात सर उत्तरांची टक्केवारी काढून सांगत. गेल्या वर्षी ती बासष्ट होती आणि त्याआधीच्या वर्षापेक्षा चारने घसरल्याबद्दल सरांनी सगळ्यांकडे चष्म्यावरून पाहिलं होतं.

एरवी वही निघाली की टाचणी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची. आज ती खुर्चीवर बसून राहिली.

“मला एक सांगायचं आहे,” ती म्हणाली. “विनंती नाही. नुसतं सांगायचं आहे.”

“सांगा ना ताई.” सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“मी कटिंगच्या वर्गाला नाव घातलंय. तीन आठवड्यांनी सुरू होतोय. बुधवारी असतो, सहा ते आठ. म्हणजे तेव्हापासून सभा इथे होणार नाही.”

सर लिहीत होते. त्यांचं अक्षर सुवाच्य असल्यामुळे त्याला वेळ लागे.

“अगं बाई, या वयात वर्ग,” धाकटी जाऊ म्हणाली.

“वयाचं काय घेऊन बसलीस,” थोरली म्हणाली. “ताण केवढा येईल तिला.”

“खरं आहे,” सर वही मिटत म्हणाले. “आपण हे प्रार्थनेत धरू या.”

आणि त्यांनी धरलं. नर्सबाईंनी टाचणीला बळ मागितलं. थोरल्या जावेने घर, नोकरी, वर्ग आणि सभा असं सगळं सांभाळण्याची युक्ती मागितली. धाकटीने थोरलीचंच जरा उंच पट्टीत मागितलं. नळवाले म्हणाले, “प्रभू, वेळ पुरव. आमेन.” शेवटी सर. ज्या देवाने एकदा सूर्य आकाशात थांबवून धरला, त्याला एका शाळेचं वेळापत्रक बदलणं काय कठीण, असा त्यांच्या प्रार्थनेचा रोख होता आणि तो त्यांनी सात मिनिटं लावून धरला. मग सगळ्यांनी चहा घेतला. निघताना एकेकाने टाचणीचा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, काळजी करू नका. तोवर ती काळजी करत नव्हती.

तिचा नवरा बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. बुधवारी त्याला नेमकं जादा वेळ काम निघे. “मी रविवारचा माणूस आहे,” असं तो कुणी विचारलं तर सांगायचा. त्या दिवशी तो सव्वाआठला आला आणि खुर्च्या उचलायला लागला, तेव्हा तिने घडलेलं सांगितलं.

“मग काय ठरलं?” त्याने विचारलं.

“मला बळ मिळावं असं ठरलं.”

“तू बळ मागितलंस?”

“अहो, मी सुट्टी मागितली.”

नवऱ्याने दोन खुर्च्या एकात एक घातल्या. या दोन खुर्च्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या होत्या आणि गेली अकरा वर्षं दर बुधवारी जिना उतरून चढत होत्या. “आमच्याकडे असंच असतं,” तो म्हणाला. “ड्रायव्हर सांगतो ब्रेक लागत नाही. साहेब लिहून घेतात, ड्रायव्हरने सावकाश चालवावं.”

पुढच्या बुधवारी टाचणीने ठरवलं होतं की सभा सुरू व्हायच्या आधीच, दारात, चपला काढता काढताच बोलायचं. पण बेकरीच्या बायका पावाची पिशवी घेऊन आल्या, नर्सबाईंना उंबरा ओलांडायला हात द्यावा लागला आणि पहिलं गाणं सुरू झालं. गाणं आणि वाचन झाल्यावर सरांनी वही उघडली. आधी मागच्या आठवड्याचा आढावा घ्यायचा, ही त्यांची पद्धत.

“विनंती क्रमांक एक हजार एकोणचाळीस,” त्यांनी वाचलं. “टाचणीताईंना बुधवारच्या सभेसाठी बळ मिळावं.” त्यांनी मान वर केली, उघड्या दाराकडे पाहिलं, मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, आत चुलीवर ठेवलेल्या पातेल्याकडे पाहिलं. “ताईंनी आज सभा ठेवली. उत्तर मिळालं.” आणि तिसऱ्या रकान्यात त्यांनी खूण केली.

“प्रभूची स्तुती असो,” दोघी जावा एकदम म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांची पट्टी पहिल्यांदाच जुळली.

“सर,” टाचणी म्हणाली, “मी सभा ठेवली कारण वर्ग अजून सुरू झालेला नाही.”

“तेच तर,” सर प्रसन्नपणे म्हणाले. “अजून सुरू झालेला नाही.”

टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस कपटी असता तर भांडता आलं असतं. सर कपटी नव्हते. इस्पितळाच्या बोळात बावीस दिवस बसताना त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं. त्यांना खरोखरच वाटत होतं की उत्तर मिळालं आहे.

“सर, खूण खोडा,” ती म्हणाली. “मला बळाची गरज नाही. मला बुधवारी जायचं आहे. दोन आठवड्यांनी मी इथे नसणार. सभा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.”

आता ते कळलं. आत चहा उकळायला लागला होता.

“तुम्ही नसलात तर किल्ली ठेवून जा की,” थोरली जाऊ म्हणाली. “चहा काय, आम्ही करू.”

“पलंगावर लोकांचे कोट असतात. मी घरात नसताना त्यांना हात लागलेला मला चालत नाही,” टाचणी म्हणाली. हे खरं होतं. एकदा एका नवऱ्यामुलाच्या कोटावर धाकटी जाऊ पूर्ण उपदेशभर बसली होती. पण एवढंच खरं नव्हतं. आपल्या घरात आपल्याशिवाय सभा व्हावी हेही तिला सोसलं नसतं, आणि हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

“आमच्याकडे सासरे साडेसहाला झोपतात,” थोरली म्हणाली. “पहाटे भट्टी पेटवायची असते त्यांना.”

“माझं घर तिसऱ्या मजल्यावर,” सर म्हणाले. एवढं बोलून त्यांनी नर्सबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. नर्सबाईंनी मांडीवरचं गाण्यांचं पुस्तक जरा पुढे सरकवून गुडघे झाकून घेतले.

नळवाले आपल्या बोटांकडे बघत होते. त्यांना काही म्हणायचं असावं, पण त्यांना नेहमीच तसं असायचं.

“पोरगी कशी आहे गं?” नर्सबाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. विचारण्यात काही नव्हतं. म्हातारी दर बुधवारी विचारायची. “बरी आहे,” टाचणी म्हणाली, उठली, आत गेली आणि कपांत चहा ओतायला लागली. रागाच्या भरात तिने दोन बश्याही भरल्या. पण राग कुणाचा, हे तिला धड सांगता आलं नसतं. बाहेर मंडळी एक हजार बावन्न क्रमांकाच्या विनंतीवर प्रार्थना करत होती: सभेची अडचण दूर व्हावी. म्हणजे ती.

शनिवारी मुलीचा फोन आला.

“सांगितलंस?”

“दोनदा.”

“आई, तू त्यांना सांगतेस का विचारतेस?”

“सांगते.”

“मग ते प्रार्थना कशाला करतात?”

“ते ऐकतातच तसं,” टाचणी म्हणाली. “डोळे उघडे असले की त्यांना फक्त अडचण ऐकू येते.”

“मग डोळे मिटलेले असताना सांग,” मुलगी वैतागून म्हणाली आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

सोमवारी कारखान्यात टाचणीकडे चौदा वाकडे खांदे आले. ती उसवत होती आणि तोंडात टाचण्या होत्या, म्हणून विचार करायला मोकळीक होती. अकरा वर्षांत चालू प्रार्थनेत कुणी कधी मध्येच बोललेलं तिला आठवेना. डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही, मध्ये पडायचं नाही, आणि प्रार्थना कशीही असो, संपली की आमेन म्हणायचं. एकदा सरांची प्रार्थना सव्वीस मिनिटं चालली होती. आत दूध उतू जाऊन करपल्याचा वास सगळ्यांना आला, टाचणीला तर सगळ्यात आधी, आणि तरी ती जागची उठली नव्हती. सूर्य थांबवणाऱ्या देवाला दुधाचं काही करता आलं नव्हतं, कारण कुणी ते मागितलंच नव्हतं.

आणि या अकरा वर्षांत तिने स्वतः एकदाही मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. तिची पाळी यायची तेव्हा ती आत असायची.

तिसऱ्या बुधवारी, म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या नेमका आठवडाभर आधी, तिने चहाचं पातेलं चुलीवर ठेवलंच नाही. गाणं झालं. वाचन झालं. सरांनी उपदेश केला, वही उघडली, टाचणीकडे जरा सावधपणे पाहिलं आणि तिने काही न म्हटल्यामुळे सुटकेचा श्वास टाकला. बाकीच्यांच्या विनंत्या लिहिल्या. सगळ्यांनी डोळे मिटले. नर्सबाई झाल्या, जावा झाल्या, नळवाले झाले. सरांनी घसा खाकरला, एवढ्यात टाचणी बोलायला लागली.

“प्रभू,” ती म्हणाली आणि थांबली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. “मला असं बोलायची सवय नाही, हे तू जाणतोसच. तू माझी मुलगी परत दिलीस. ही माणसं बावीस दिवस माझ्या शेजारी बसली. त्याबद्दल मी अकरा वर्षं चहा केला. तुला चहा लागत नाही, मला ठाऊक आहे. यांना लागतो. मी तो आनंदाने केला, निदान पहिली पाच-सहा वर्षं तरी.”

कुणाची तरी खुर्ची करकरली. पण मध्ये बोलता येत नव्हतं.

“पुढच्या बुधवारी सहा वाजता या दाराला कुलूप असेल. मी शाळेत असेन. मी बळ मागत नाही, बळ माझ्याकडे आहे. युक्तीही मागत नाही. वर्गाची वेळ बदलू नकोस, शिकवणाऱ्या मॅडमनाही घर असेल. मी तेवीस वर्षं दुसऱ्यांनी वाकडं कापलेलं सरळ करते आहे. मला आता स्वतः कापायचं आहे. ही विनंती नाही, प्रभू. तुला विनंती आणि सूचना यातला फरक कळतो. तो यांनाही कळू दे. आणि नर्सबाईंचे गुडघे माझ्या माथी मारू नकोस. ते मी केलेले नाहीत. आमेन.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. सगळी. एका सुरात. सर सर्वांत स्पष्ट.

मग डोळे उघडले आणि आपण कशाला आमेन म्हटलं ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. सरांच्या लक्षात आलेलं सर्वांना दिसलं.

“ताई,” ते म्हणाले, “याला प्रार्थना म्हणता येईल का, हा एक प्रश्न आहे.”

“सर, आमेन म्हणालात ना?” नर्सबाई म्हणाल्या.

“ते सवयीने म्हणालो.”

“सगळे तसंच म्हणतात. त्याने काही बिघडत नाही.” नर्सबाई पुस्तक मिटून म्हणाल्या, “आणि माझ्या गुडघ्यांना या पोरीच्या गळ्यात कुणी बांधलं? मला विचारून बांधलं? मी घरी बसेन वीस बुधवार. देव मला विसरेल असं काही नाही.”

“असं कसं, बाई,” धाकटी जाऊ रडवेली होऊन म्हणाली.

टाचणीला भीती वाटली ती हीच. आता सगळे म्हातारीकडे बघतील, मग तिच्याकडे बघतील, मग ती म्हणेल, बरं, ठेवा इथेच. तो ‘बरं’ शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभाही राहिला होता.

तेव्हा नळवाल्यांनी घसा साफ केला. “माझं दुकान,” ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“तळमजल्यावरच आहे. इथून पन्नास पावलं. पायरी पण नाही. सहाला बंदच करतो मी.”

“मग इतकी वर्षं का नाही बोललात?” टाचणीने विचारलं. तिचा आवाज फार शांत होता.

नळवाले लाल झाले. “सगळीकडे कमोड मांडलेले आहेत,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “त्यात देवाचं नाव घ्यायचं म्हणजे बरं दिसेल का, असं वाटायचं. आणि कुणी विचारलं पण नाही.”

“नवे आहेत ना?” नर्सबाईंनी विचारलं.

“सगळे नवे. खोक्यातले.”

“मग मी त्याहून वाईट ठिकाणी प्रार्थना केली आहे. झाकणं असतील तर आणखी चार माणसं बसतील.”

यावर सर हसले नाहीत, पण त्यांना चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी वही उघडली आणि पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. एक हजार बावन्नसमोर खूण करायची, तर अडचण दूर झाली म्हणून करायची की अडचणच निघून चालली म्हणून, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी पेन्सिलीने अगदी बारीक खूण केली, जी पुढेमागे खोडता येईल.

टाचणी चहा ठेवायला आत गेली. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: पन्नास पावलं. अकरा वर्षं दर बुधवारी तिने यंत्र सरकवलं, टेबल उभं केलं, टाचण्या वेचल्या, शेजाऱ्यांच्या खुर्च्या चढवल्या-उतरवल्या, गेल्या वर्षीचा वर्ग घालवला, आणि पन्नास पावलांवर एक रिकामं दुकान या सभ्य माणसाच्या संकोचापायी बंद पडून होतं. कुणी विचारलं नाही, म्हणे. हेच वाक्य ती स्वतः अकरा वर्षं मनात म्हणत आली होती, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं बावळट वाटेल याची तिला कल्पना नव्हती. नळवाल्यांना त्या दिवशी चहा सगळ्यांत शेवटी मिळाला. त्यांनी तो आभार मानून घेतला, त्यामुळे तेवढंही समाधान राहिलं नाही.

पुढच्या बुधवारी नवऱ्याने जादा वेळ काम घेतलं नाही. तो साडेपाचला घरी आला, पुढच्या खोलीतलं यंत्र जिथल्या तिथे बघून दारातच थबकला आणि म्हणाला, “अगं, आज आहे तरी कुठला वार?” मग त्याने तिला नवी पट्टी, खडू आणि तासून आणलेल्या दोन पेन्सिली दिल्या. वर्कशॉपमधल्या यंत्रावर तासल्यामुळे त्यांना भाल्यासारखी टोकं आली होती.

शाळेची वाट नळवाल्यांच्या दुकानावरून जात होती. सभेला अजून वेळ होता, पण आज दुकान लवकरच बंद केलेलं होतं आणि शटर अर्धं वर होतं. आत पांढऱ्या बेसिनांच्या दोन रांगांमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्या, सर आधीच येऊन दिवा कुठला लावायचा ते सांगत होते आणि नर्सबाई मधोमध, पायांखाली उपडं खोकं घेऊन, घरच्यासारख्या बसल्या होत्या. धाकटी जाऊ थर्मासमधून चहा ओतत होती. नर्सबाईंना टाचणी दिसली. त्यांनी हाक मारली नाही; माशी हाकलावी तसा हात केला: जा, उशीर होईल.

टाचणी पुढे गेली. त्यांना आपली उणीव भासत नाही याचा तिला राग आला. भासली असती तर याहून जास्त आला असता.

वर्गात बाविसेक माणसं होती, बहुतेक तिच्या मुलीच्या वयाची. टेबलं उंच होती, खिडकीशी. कटिंगच्या मॅडम तिशीच्या आसपासच्या, बोलणं तुटक. त्यांनी हजेरी घेतली, टाचणीचं नाव आल्यावर जन्मतारीख पुन्हा एकदा तपासली, मान डोलावली आणि प्रत्येकाला एक मोठा खाकी कागद दिला. “आज फक्त सरळ रेघ,” त्या म्हणाल्या. “वरपासून खालपर्यंत. पट्टीने. मी बघेपर्यंत दुसरं काही नाही.”

सरळ रेघ. यासाठी तिने अकरा वर्षांची सभा मोडली होती आणि देवाला सूचना दिली होती. टाचणीने ओठ घट्ट मिटले. आत काही नव्हतं, तरी टाचण्या असल्यासारखे. मग तिने एका दमात रेघ मारली, तेवीस वर्षांच्या हाताने, आणि सरळ उभी राहिली.

मॅडम आल्या. कागदावर वाकल्या. “हात पक्का आहे,” त्या म्हणाल्या. “पट्टी चुकीची धरता. दाब अंगठ्यावर जातो, रेघ खाली अर्धं सूत सरकते. असं किती वर्षं धरताय?”

“तेवीस.”

“मग वेळ लागेल. पुन्हा.”

शेजारची मुलगी फिसकन हसली. टाचणीने तिच्याकडे पाहिलं तशी ती कागदात घुसली. टाचणीने पट्टी उचलली, अंगठा काढला, बोटं पसरून ठेवली आणि पुन्हा रेघ मारली. मॅडम म्हणाल्या, पुन्हा. तिच्या मनात बरंच काही आलं, त्यातलं बरंचसं बोलण्यासारखं नव्हतं. ती खिडकीशी उंच टेबलाला पोट टेकून उभी राहिली आणि रेघा मारत राहिली. सात वाजून दहा मिनिटांनी तिची सतरावी रेघ मॅडमना पसंत पडली. अठरावी पडली नाही.